दोन बोली, एक करार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर चार शब्द सांगावेत अशी त्यांची अपेक्षा असणार, आणि कुंडलमध्ये ती साहजिक आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे आणि जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेचे हे गाव. येथे सभेत उभे राहणाऱ्याने लढ्याविषयी बोलावे, अशी ऐकणाऱ्यांची इच्छा असतेच. मी माझा विषय कळविला, तेव्हा चालकांपैकी एकाने मला दोनदा विचारले, "नक्की हाच ना?" होय, हाच. संगणकाच्या एका भाषेत लिहून ठेवलेले काम दुसऱ्या भाषेतून कसे करवून घेतात आणि ही रीत कशी घडत आली, एवढाच माझा विषय आहे.

मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. दहावी झाली आणि कारखान्याच्या फाटकात शिरलो. पुढे जे वाचले ते रात्रपाळीच्या आधी आणि नंतर, शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने मी येथे उभा नाही. परंतु हा विषय मी हौसेखातर निवडलेला नाही. तो मला एका पगारपत्रकाने शिकविला. ती हकीकत सांगण्यापूर्वी मला तुम्हांला थोडा वेळ बैलबाजारात न्यावयाचे आहे.

खरसुंडीच्या यात्रेतला खिल्लार जनावरांचा बाजार तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी तो पाहिला. तेथे दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचे हात हातात घेत आणि वर रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकीत. रुमालाखाली बोटे दाबली जात आणि सौदा ठरे. गिऱ्हाईक कर्नाटकातून आलेले असले आणि त्याला मराठीचा गंध नसला, तरी अडत नसे. बोटांना भाषा नाही. मात्र एक गोष्ट दोघांना आधी ठाऊक असावी लागे. चार बोटे धरली तर ती चार शेकडे की चार हजार? ते मोघम राहिले, तर दोघेही प्रामाणिक असून भांडण ठरलेले. एकाने चार हजार मागितले, दुसऱ्याने चारशे दिले, आणि रुमाल मात्र एकच!

श्रोतेहो, आजच्या साऱ्या व्याख्यानाचे सार या रुमालाखाली आहे. आता आपण पगारपत्रकाकडे वळू.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका कारखान्यात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, पगाराचा हिशेब संगणकावर होत असे. हिशेबाचा मुख्य भाग एका हुशार तरुणाने सी नावाच्या भाषेत लिहिलेला होता. पुढे पडद्यावर दिसणारा भाग नव्याने व्हिज्युअल बेसिक या भाषेत करून घेतला. हिशेब जुनाच राहिला. नवा भाग जुन्याला हाक मारी आणि म्हणे, "या कामगाराचे जास्तीच्या वेळेचे पैसे किती झाले, सांग." जुना भाग उत्तर देई. पहिल्याच महिन्यात वीस-बावीस माणसे पगारपत्रके घेऊन माझ्याकडे आली. ज्याचा ओव्हरटाइम तीनशे रुपये झाला होता, त्याला तीनशे मिळाले होते. ज्याचा चारशे झाला होता, त्याच्या पगारातून उलट २५५ रुपये ३६ पैसे कापून घेतले होते! ज्याने अधिक राबावे त्यानेच भरपाई द्यावी, असा हा न्याय.

कचेरीतले उत्तर आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. "संगणक चुकत नसतो." मी हट्टाने त्या तरुणाला गाठले आणि आम्ही दोघे एक रात्र कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चूक अशी निघाली. हिशेब पैशांत होता. चारशे रुपये म्हणजे ४०,००० पैसे. सी भाषेतल्या त्या भागात ज्या आकड्याला 'इंट' म्हणजे पूर्णांक म्हणत, त्याला यंत्रात ३२ घरे होती. बेसिकमध्ये ज्याला 'इंटिजर' म्हणजे पूर्णांकच म्हणत, त्याला घरे होती १६. सोळा घरांत ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. तो पुढे गेला की घड्याळाच्या काट्यासारखा फिरून उणे बाजूला येतो. ४०,००० मधून ६५,५३६ वजा करा, उणे २५,५३६ उरतात. तेच २५५ रुपये ३६ पैसे. म्हणजे ज्याचा ओव्हरटाइम ३२७ रुपये ६७ पैशांच्या आत, तो सुखरूप. त्यापुढे एक पैसा गेला की कपात.

आपल्याकडे पूर्वी कच्चा शेर आणि पक्का शेर अशी दोन मापे चालत. नाव एक, माप दोन. अगदी तसेच येथे झाले. सीने पक्क्या शेराने माल घातला, बेसिकने कच्च्या शेराने मोजून घेतला. दुरुस्ती केवढी? एका ओळीत 'इंटिजर' होते, तेथे 'लाँग' लिहिले. एक शब्द! पुढच्या महिन्यात पैसे परत मिळाले. परंतु माझ्या मनात प्रश्न राहिला. हिशेब चुकला नव्हता. पडदाही चुकला नव्हता. आपापल्या घरात दोघेही बरोबर होते. मग चूक होती कोठे? ती होती उंबऱ्यावर. आणि उंबऱ्यावर पहारा कोणाचाच नव्हता. तेव्हापासून या उंबऱ्याचा इतिहास मी शोधत आलो.

तो इतिहास इंग्लंडमधल्या केंब्रिज येथून सुरू करावा लागतो. तेथे मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली एडसॅक नावाचे यंत्र उभे राहिले आणि ६ मे १९४९ रोजी ते पहिल्यांदा चालले. यंत्राला काम सांगावयाचे म्हणजे एकेक आज्ञा क्रमाने लिहून द्यावयाची. या आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. लवकरच अनुभव असा आला की, वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशी तीच ती कामे प्रत्येक आज्ञावलीत पुन्हा लिहावी लागतात आणि पुन्हा लिहिताना पुन्हा चुका होतात. तेव्हा डेव्हिड व्हीलर या तरुणाने सोय केली. असे प्रत्येक काम एकदाच, नीट पारखून, कागदी पट्टीवर छिद्रांच्या रूपाने लिहून ठेवावयाचे. ज्याला हवे त्याने त्याची नक्कल आपल्या आज्ञावलीला जोडावी. अशा स्वतंत्र बांधलेल्या कामाला आज फंक्शन म्हणतात आणि ते करवून घेण्याला त्याला हाक मारणे म्हणतात.

पण हाक मारणे वाटते तितके सोपे नाही. काम सांगितले, ते झाले, आता परत कोठे यावयाचे? व्हीलरने ठरवून दिले की, हाक मारणाऱ्याने परतीचा पत्ता एका ठराविक जागी ठेवावा आणि काम करणाऱ्याने तो आधी नीट टिपून ठेवावा. परगावी पत्र धाडताना आपण पाठीमागे स्वतःचा पत्ता लिहितो, तसेच हे. १९५१ मध्ये विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले. माझ्या दृष्टीने हा यंत्राच्या जगातला पहिला सेवाकरार होय. काम कोणी सांगावे, साहित्य कोठे ठेवावे, मजुरी कोठे मिळेल आणि परत कोठे जावे, ही चारही कलमे त्यात आली.

एडसॅकच्या काळी सारेजण एकच बोली बोलत, ती म्हणजे यंत्राची. पुढे भाषा जन्माला आल्या. १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या तुकडीने आयबीएम कंपनीच्या यंत्रासाठी फोरट्रान ही भाषा दिली. ती शास्त्रज्ञांची, गणिताची भाषा. तिच्यात लिहिलेले सूत्र यंत्राच्या बोलीत उतरविण्याचे काम एक दुभाष्या आज्ञावलीच करते. तिला कंपायलर म्हणतात. १९५८ मध्ये फोरट्रानची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात एकेक काम वेगळे उतरवून मागाहून जोडता येऊ लागले, आणि विशेष म्हणजे त्यांतले एखादे थेट यंत्राच्या बोलीशी जवळ असलेल्या भाषेत लिहिलेले असले तरी चाले. वेगवेगळ्या भाषांमधली हाक मी येथून मोजतो. १९५९ मध्ये अमेरिकेत सरकारी व व्यापारी मंडळींनी एकत्र बसून हिशेबनिसांसाठी कोबोल भाषेचा घाट घातला. १९७० च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी भाषा घडविली. १९९१ मध्ये ग्विदो व्हान रॉसम यांनी पायथन जगापुढे ठेवली. प्रत्येक भाषा आपापल्या गरजेतून आली आणि प्रत्येकीत माणसांनी जन्माची कष्टाची कामे लिहून ठेवली.

आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट मुंबईला सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी संगणक बांधला. तो १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचे ते यंत्र होते. त्याला काम सांगावे लागे ते शून्य आणि एक यांच्या बोलीत. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आले आणि त्याच्याबरोबर फोरट्रानचा वापर वाढला. तुम्ही पाहा, चार वर्षांत बोली बदलली! यंत्र बदलले की बोली बदलावी आणि बोली बदलली की आधीचे श्रम कवडीमोल व्हावेत, हा धोका तेव्हापासून उभा आहे. आम्हां कामगारांना तो निराळा समजावून सांगावा लागत नाही. नवे यंत्र आले की जुन्या कारागिराला घरी बसवतात, हे आम्ही पाहिले आहे. जुन्या भाषेतले काम फेकून न देता नव्या भाषेने त्याला हाक मारावी, हा त्यावर उपाय.

मात्र हाक मारावयाची तर अटी ठरल्या पाहिजेत. या अटी कोणत्या, ते थोडक्यात सांगतो. तांत्रिक शब्द शक्य तितके टाळीन.

पहिली अट मापाची. पूर्णांक म्हणजे किती घरांचा, ते दोघांचे एक असले पाहिजे. ती मोडली तर काय होते, ते पगारपत्रकाने दाखविले.

दुसरी अट वस्तू देण्याची. सी भाषा काम सांगताना आकड्याची नक्कल हाती देते. फोरट्रानची रूढी निराळी. ती आकडा जेथे ठेवला असेल त्या जागेचा पत्ता देते. एकीने पत्ता दिला आणि दुसरीने तो आकडाच समजून हिशेबात धरला, तर काय होईल? घर क्रमांक ४१२ मध्ये राहणाऱ्याला ४१२ रुपये पगार लावण्यासारखे होईल.

तिसरी अट हजेरीपटाची. हजेरीपट तुम्ही जाणताच. आडव्या ओळीत एकेक कामगार, उभ्या रकान्यात एकेक तारीख. संगणकाच्या स्मरणात मात्र कागद नसतो, एकच लांब रांग असते. पट त्या रांगेत कसा मांडावा? सी म्हणते, पहिल्या कामगाराचा सारा महिना, मग दुसऱ्याचा. फोरट्रान म्हणते, पहिल्या तारखेला सगळे कामगार, मग दुसऱ्या तारखेला सगळे. दोन्ही रीती सरळ आहेत. परंतु एकीने मांडलेला पट दुसरीने आपल्या रीतीने वाचला, तर रामाची हजेरी श्यामाच्या नावे पडते. बेरीज जुळते, आणि म्हणूनच ही चूक घातक! एकूण तास बरोबर, एकेका माणसाचे चूक. शिवाय सी मोजणी शून्यापासून करते, तर फोरट्रान सहसा एकापासून. म्हणजे पहिला कोण, इथूनच मतभेद.

चौथी अट शब्दांची. सी शब्द संपल्याची खूण म्हणून शेवटी शून्य ठेवते. फोरट्रान उरलेल्या जागा कोऱ्या भरते आणि लांबी निराळी कळविते. खूण न सांगता शब्द पाठविला, तर वाचणारा वाचतच राहतो आणि शेजारच्या घरात शिरतो.

पाचवी अट आवराआवरीची. कामासाठी जी जागा घेतली ती शेवटी मोकळी कोणी करावयाची? पाळी संपल्यावर यंत्र पुसावयाचे कोणी, जाणाऱ्याने की येणाऱ्याने, यावरून कारखान्यात किती वाद होतात! दोघांनीही पुसले नाही तर कचरा साठतो. येथे तर दोघांनीही पुसले तरी अनर्थ होतो, कारण दुसऱ्यांदा पुसेपर्यंत ती जागा तिसऱ्याला दिलेली असू शकते.

श्रोतेहो, आता मुख्य मुद्दा. या अटी पाळल्या जातात की नाही, ते पाहतो कोण? प्रत्येक भाषेचा कंपायलर आपल्या घरात कडक असतो. घरातल्या घरात चूक केली तर तो पुष्कळदा जागेवर पकडतो. परंतु पलीकडच्या घरातल्या माणसाविषयी तुम्ही जे सांगाल ते तो खरे मानतो. आमच्या त्या बेसिकच्या भागात, "पलीकडून इंटिजर येईल," असे एका ओळीत लिहिले होते. त्याने ते मानले. पलीकडे जाऊन पाहण्याची त्याची रीत नव्हती. सरहद्दीवर सगळा कारभार शब्दावर चालतो.

बरीच वर्षे तर हा शब्दही तोंडीच होता. १९७० नंतरच्या काळात युनिक्स यंत्रांवर सी आणि फोरट्रान शेजारी नांदू लागल्या. फोरट्रानचा कंपायलर फंक्शनच्या नावाच्या शेवटी एक खालची रेघ जोडी, म्हणून सीमधून हाक मारताना नावामागे रेघ लावावी लागे. हा कायदा नव्हता, वहिवाट होती. एका कंपायलरची वहिवाट दुसऱ्याची असेलच असे नाही. जाणता मनुष्य गावात असेपर्यंत वहिवाट चालते. तो गेला की नव्या माणसाला दारोदार विचारावे लागते. अखेर २००३ सालच्या फोरट्रानच्या प्रमाण आवृत्तीत सीबरोबरच्या व्यवहाराचे नियम लेखी आले. कोणता पूर्णांक सीच्या कोणत्या पूर्णांकाबरोबरचा, नक्कल कशी मागावी, नाव कसे लिहावे, सारे कलमवार. फोरट्रानच्या जन्मानंतर ४६ वर्षांनी आणि सीच्या जन्मानंतर सुमारे ३० वर्षांनी! आम्हांला लेखी करारासाठी दहा-दहा वर्षे झगडावे लागते, तेव्हा मी सहकाऱ्यांना हे उदाहरण देतो. ज्ञानी लोकांनाही वेळ लागला.

मोघमपणाची किंमत मोठ्या मोठ्यांनी मोजली आहे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचे एक यान मंगळाच्या कक्षेत शिरताना नष्ट झाले. तेथे दोन भाषांमधली हाक नव्हती, एका आज्ञावलीने काढलेले आकडे दुसरीला पुरविले जात होते. पण रोग तोच. देणाऱ्याने आकडे पौंडांच्या मापात दिले, घेणाऱ्याने ते न्यूटनच्या मापात धरले. दोहोंत सुमारे साडेचार पटींचा फरक. यान ठरल्यापेक्षा मंगळाच्या फार जवळ गेले. बैलबाजारातली चार बोटे, दुसरे काय!

आता उजळ बाजू पाहू, कारण ती अधिक मोठी आहे. फोरट्रानमध्ये समीकरणांचे मोठे संच सोडविण्याची कामे अमेरिकेतल्या गणितज्ञांनी १९७० च्या दशकात अतिशय काळजीने लिहिली. त्यांच्यापैकी क्लीव्ह मोलर हे प्राध्यापक. आपल्या विद्यार्थ्यांना फोरट्रान न शिकता ही कामे वापरता यावीत, म्हणून त्यांनी मॅटलॅब नावाचे सोपे दालन उघडले. या परंपरेतला लॅपॅक हा संग्रह १९९२ मध्ये आला. आज सांगलीचा एखादा विद्यार्थी पायथनमध्ये एक ओळ लिहून समीकरणे सोडवतो, तेव्हा पायथन सीला हाक मारते आणि सी लॅपॅकमधल्या कामाला. उत्तर उलट वाटेने परत येते. त्या मुलाला वाटते, पायथनने केले. खरे काम करणारा आत, जुन्या विभागात, मान खाली घालून बसलेला असतो. मुंबईच्या आयआयटीतला फॉसी हा प्रकल्प सायलॅबसारखी मोफत साधने महाविद्यालयांत पोचवितो. सायलॅबची घडणही अशीच आहे. वर सोपी भाषा, आत सी आणि फोरट्रानमधली पारखलेली कामे.

आणि आपल्या पोटाशी या गोष्टीचा संबंध आहे, तो पुण्याच्या वाटेने. तेथे १९६२ पासून उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था आहे. २०१२ मध्ये केंद्र सरकारने मान्सून मिशन हाती घेतले, तेव्हा त्याचा भार या संस्थेकडे आला. अमेरिकेतली एक मोठी आज्ञावली घेऊन आपल्या शास्त्रज्ञांनी ती मान्सूनसाठी सुधारली. तिच्यात वातावरणाचा भाग वेगळा आणि समुद्राचा वेगळा. समुद्राने आपले तापमान सांगावे, वाऱ्याने आपला जोर सांगावा, असा दोघांचा संवाद सतत चालतो. यातले बहुतेक गणित फोरट्रानमध्ये आहे. परंतु एवढे गणित एका यंत्राला झेपत नाही. पृथ्वीचे तुकडे पाडून ते हजारो गणकांना वाटून देतात आणि प्रत्येकाने शेजाऱ्याला आपल्या हद्दीवरची हवा कळवावी लागते. हे निरोप पोचविण्याची एक प्रमाण पद्धत १९९४ मध्ये ठरली. तिला एमपीआय म्हणतात. तिची प्रचारातली साधने मुख्यतः सी भाषेत लिहिलेली आहेत. हवामानाचे आकडे फाइलीत साठविणारे नेटसीडीएफ हे साधनही मुळात सीमध्ये आहे आणि फोरट्रानसाठी त्याला वेगळा दरवाजा ठेवला आहे. म्हणजे फोरट्रानमधले ढग सीच्या टपालाने प्रवास करतात! २०१८ मध्ये या संस्थेत प्रत्यूष हा महासंगणक आला, २०२४ मध्ये अर्क आला, आणि मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरच्या चौकटीचा अंदाज देणारी भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली.

कृष्णाकाठच्या माणसाला पावसाचा अंदाज म्हणजे काय, हे मी सांगावयाचे कारण नाही. २००५ चा आणि २०१९ चा महापूर आपण पाहिला. पलूस तालुक्यात माणसे गेली, जनावरे गेली, उभा ऊस कुजला. पुराचा अंदाज देताना नदी, धरण असे आणखी अनेक हिशेब लागतात. परंतु पाऊस किती पडेल हा पहिला आकडा या उंबऱ्यावरून, एका भाषेतून दुसरीत, असंख्य वेळा ये-जा करून आपल्यापर्यंत येतो. तेथे शेर कच्चा की पक्का, हे बघितलेच पाहिजे.

शेवटी आमच्या चळवळीविषयी थोडे बोललो नाही, तर घरी जाऊन झोप लागणार नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येणार असे ठरले, तेव्हा कर्मचारी संघटनांनी कडवा विरोध केला. तो निव्वळ अडाणीपणा होता, असे आज म्हणण्याची रीत आहे. मला ते पटत नाही. हातचे काम जाईल ही भीती खरी होती. प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७२ मध्ये स्वयंचलनावर अहवाल दिला. पुढे ८ सप्टेंबर १९८३ रोजी आणि मग मार्च १९८७ मध्ये बँकांच्या व्यवस्थापनांशी संघटनांचे करार झाले. कोणती यंत्रे, कोठे आणि कोणत्या अटींवर, हे त्यांत लेखी आले. विरोधातून करार निघाला, ही त्या लढ्याची मिळकत.

पण एक उणीव मी कबूल करतो. आमचे करार यंत्र फाटकातून आत येईपर्यंतच पोचले. यंत्राच्या आत कोण कोणाला हाक मारतो, कोणत्या मापाने मोजतो, हे आम्ही विचारले नाही. ते तज्ज्ञांचे काम, असे समजून सोडून दिले. त्या वीस-बावीस माणसांनी पगारपत्रक वाचले नसते, तर ती चूक अजूनही चालू राहिली असती आणि "संगणक चुकत नसतो" हे वाक्यही. म्हणून आता कोठेही हिशेबाची नवी व्यवस्था येते, तेव्हा मी दोनच मागण्या करतो. जुना भाग आणि नवा भाग यांच्यामधल्या अटी कागदावर द्या. आणि पहिले दोन महिने जुन्या पद्धतीचा हिशेब शेजारी ठेवून दोन्ही ताडून पाहा, सर्वांत लहान रकमेला आणि सर्वांत मोठ्या रकमेलाही. तीनशे रुपयांवर तपासले असते तर आमची चूक सापडली नसती. चारशेवर पहिल्याच दिवशी सापडली असती. या दोन मागण्यांना पैसा लागत नाही, थोडा धीर लागतो.

भाषा अनेक असाव्यात. सगळ्यांनी एकच भाषा बोलावी, म्हणजे भांडण मिटेल, असे संगणकाच्या जगातही काहींनी म्हणून पाहिले. ते झाले नाही आणि होणारही नाही, कारण प्रत्येक भाषेला आपले काम आहे. खरसुंडीच्या बाजारात मराठी आणि कानडी माणसांनी एकमेकांची भाषा बदलली नाही, तरी बैल विकले गेले. फक्त हात रुमालाखाली घालण्यापूर्वी कोणीतरी मोठ्याने विचारले पाहिजे, "बोट शेकड्याचे की हजाराचे?" हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. तुम्ही तो विचारावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.